उद्या सकाळी घेऊ

माझ्या नवऱ्याला हार्ट अटॅक आला त्या दिवशी मी रडले नाही, हा विषय आमच्याकडे अजून निघतो. लग्नकार्यात चार बायका जमल्या की एखादी तरी म्हणतेच, "बाई, काय काळीज तुझं!" ते कौतुक असतं की टोमणा, हे मी विचारत बसत नाही. मी सुरतमध्ये मराठी शाळेत शिक्षिका आहे. घरी अहिराणी, गल्लीत हिंदी आणि दुकानात गुजराती बोलणाऱ्या पोरांना मराठी शुद्धलेखन शिकवायचं, तर घाबरून चालत नाही. शिवाय रडायला मोकळा वेळ लागतो, आणि त्या दिवशी तो नव्हता.

आमचे हे पांडेसऱ्यातल्या एका प्रोसेस हाऊसमध्ये डाईंग मास्तर आहेत. कोऱ्या कापडाला रंग चढवण्याचं काम. स्वभाव मात्र कुणाच्याच रंगात न मिसळण्याचा. मी ऊन आहे म्हटलं की ते ढग दाखवणार. मी आमटी छान झाली म्हटलं की ते भांड्यात डोकावून "पाणचट आहे" म्हणणार. लग्नानंतर पहिली काही वर्षं माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. पुढे माझ्या लक्षात आलं, हा माणूस वाद घालतोय याचा अर्थ त्याची झोप झालेली आहे, पोट भरलेलं आहे आणि सगळं ठीक चाललेलं आहे. तेव्हापासून मीही मजेत भांडते.

त्या सकाळी कामावर असताना त्यांच्या छातीवर ओझं आल्यासारखं झालं. जबडा दुखायला लागला, घाम फुटला. त्यांनी नेहमीप्रमाणे ॲसिडिटीवर ढकललं आणि गार पाणी प्यायले. बरोबरच्या माणसांनी त्यांचं काही न ऐकता रिक्षात घातलं, उधन्याच्या बाजूच्या एका हॉस्पिटलात नेलं आणि मला शाळेत फोन केला. त्या माणसांचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. वर्ग शेजारच्या बाईंकडे सोपवून मी पोहोचले, तोवर दुखणं ओसरलं होतं आणि हे नर्सशी बिछान्याच्या उंचीवरून वाद घालत होते. माझा जीव भांड्यात पडला.

हृदयाचे डॉक्टर तरुण होते, गुजराती, पण माझ्याशी हिंदीत बोलले. कार्डिओग्राममध्ये थोडा फरक होता आणि रक्ताच्या तपासणीत हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याचं आलं होतं. म्हणजे अटॅकच. "पण बेन, घबराने का नहीं. अँजिओग्राफी कल सुबह लेंगे."

माझं शिक्षकी डोकं लगेच जागं झालं. अटॅक आहे तर उद्या का? आत्ता का नाही? आमच्या सोसायटीतल्या एका गृहस्थांना दारातून थेट आत नेलं होतं, हे मला पक्कं आठवत होतं. मी विचारलं, आणि त्यांनी न कंटाळता समजावलं. हृदयाची नळी पूर्ण बंद झाली असेल, तर एक क्षण घालवायचा नाही, पेशंट आला तसा आत घ्यायचा. कार्डिओग्राममध्ये ते दिसतं. ह्यांच्यात तसं दिसत नव्हतं. नळी अरुंद झालेली असावी, पण रक्त जात होतं. अशा पेशंटला रक्त पातळ करणारी औषधं द्यायची, डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचं आणि दिवसाभराच्या आत नळीत तार घालून बघायचं. "पण दर्द पुन्हा उठला," ते ह्यांच्याकडे वळून म्हणाले, "तर लगेच सांगायचं. मग सकाळची वाट नाही बघणार. त्याच मिनिटाला आत." हे शेवटचं त्यांनी मुद्दाम मोडक्यातोडक्या मराठीत सांगितलं. ते मला फार आवडलं.

डॉक्टर गेल्यावर ह्यांनी मलाच शिकवायला सुरुवात केली. "बरोबर आहे त्यांचं. मशीनमध्ये कापड टाकलं की लगेच तापमान चढवतात का? घाई केली की रंग सारखा बसत नाही. कापड वाया." मी म्हटलं, "तुम्ही कापड नाही." ते म्हणाले, "तू डॉक्टर नाहीस." एकूण प्रकृती उत्तम होती.

मग मी गावी फोन केला.

गाव नंदुरबारकडचं. तिथे माझे थोरले दीर, ज्यांना आमच्याकडे जेठ म्हणतात. सासरे लवकर गेले, त्यामुळे ह्यांना ह्या मोठ्या भावानेच वाढवलं, शिकवलं, सुरतच्या गाडीत बसवून दिलं. फोन मोठ्या जाऊबाईंनी उचलला. मी अगदी शांतपणे, मुद्देसूद सांगितलं. अटॅक आलाय, पण शुद्धीवर आहेत, बोलतायत. अँजिओग्राफी उद्या सकाळी आहे. घाई करू नका, सावकाश या.

इथे मी काय करून ठेवलं ते मला दुपारी कळलं. आमच्याकडे मरणाची बातमी कुणी सरळ देत नाही. माणूस गेलेला असला तरी "जरा जास्त आहे, येऊन जा" एवढंच कळवतात, वाटेत येणाऱ्यांचा धीर सुटू नये म्हणून. त्यामुळे ऐकणारा शब्दांवर जात नाही, सांगणाऱ्याचा आवाज ऐकतो. जिचा नवरा हॉस्पिटलात आहे ती बाई रडत असेल, तर आशा आहे. ती जर शाळेतली सूचना वाचल्यासारखी बोलत असेल आणि वर "सावकाश या" म्हणत असेल, तर तिला शेजारी कुणीतरी धरून बसलेलं आहे. बाकी सगळं आटोपलेलं आहे. मी खानदेशातच जन्मले, वाढले. हे मला ठाऊक असायला हवं होतं आणि ठाऊक होतंही. पण सुरतमध्ये राहून मला खरं बोलायची सवय लागली होती.

ऊन कलायच्या आत एक जीप हॉस्पिटलच्या दारात थांबली आणि त्यातून रडण्याचा असा आवाज उठला की वॉचमन स्टूल सोडून उभा राहिला. मी धावत खाली गेले. भावकीतल्या बायका पदर तोंडाला लावून उतरत होत्या. जेठ मात्र जागचे हलले नव्हते. पुढच्या सीटवर, मांडीवर एक कापडी पिशवी घट्ट धरून ते समोर बघत बसले होते.

आता आणखी एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या घरात धाकट्या सुनेने जेठांशी समोरासमोर बोलायचं नाही. पदर घ्यायचा, बाजूला व्हायचं, आणि काही सांगायचंच असलं तर तिसऱ्या माणसाला सांगायचं. मी शिकलेली, नोकरी करणारी, पण सणाला गावी गेले की हा नेम मीही पाळायचे. वर्षातून चार दिवसांचा प्रश्न. त्यावरून कोण महाभारत करणार? इतक्या वर्षांच्या संसारात त्यांच्या-माझ्यात थेट एक वाक्य झालेलं नव्हतं.

त्यांनी माझ्याकडे न बघता जाऊबाईंना म्हटलं, "तिले इचार, जित्ता शे ना?"

मी जाऊबाईंना म्हटलं, "ताई, त्यांना सांगा, जिवंत आहेत. आत्ताच चहा कडू आहे म्हणून भांडले."

जेठांचा चेहरा क्षणभर सैल झाला. मग पुन्हा आवळला. माणूस जिवंत आहे हे पटलं, पण त्यातून त्यांनी नवीनच हिशेब मांडला. "तिले इचार, मंग डाक्टर काय करी ऱ्हायना?" मी सांगितलं, उद्या सकाळी आत घेणार आहेत. "तिले सांग, ज्यामा जीव शे त्याले कोनी सकायलोंग ठेवतस का?" म्हणजे ज्याच्यात जीव आहे त्याला कुणी सकाळपर्यंत ठेवतं का. त्यांच्या मते थांबण्याला दोनच कारणं असू शकत होती. एकतर ह्या लोकांना काम येत नाही, नाहीतर त्यांनी आशा सोडली आहे. दोन्हीवर उपाय एकच. "मुंबईले लई जाऊत. गाडी करी लेऊत."

जाऊबाईंमार्फत मी डॉक्टरांचं सगळं बोलणं सांगायला बसले. नळी पूर्ण बंद, नळी अरुंद, रक्त पातळ करायची औषधं. जाऊबाई बिचाऱ्या अर्ध्यातच अडकत होत्या. मी सांगितलेलं "थांबूनच बरं होतं" हे त्यांच्या तोंडून "आता थांबण्यातच बरं आहे" असं, आशा सोडल्यासारखं बाहेर आलं आणि मागे बसलेल्या दोघीतिघींनी पुन्हा हुंदका काढला. मी हात टेकले. भावकीतला एकजण खरोखरच ॲम्ब्युलन्सची चौकशी करायला निघाला.

मला जेठांचा राग आला होता, हे खरं. पण मनातून मला हेही कळत होतं की हा माणूस दुष्टपणा करत नाहीये. ज्याला अंगाखांद्यावर वाढवलं त्याच्यासाठी काहीतरी करायला आला आहे, आणि ह्या हॉस्पिटलात करण्यासारखं त्याला काही दिसत नाहीये. शांत बसून लक्ष ठेवणं हे काम आहे, हे कुणालाही पटणं अवघड. मला मात्र पटलं होतं, आणि मी ह्यांना तिथून हलू देणार नव्हते. हायवेवर चलथाणच्या पुढे गाडी गेली आणि दुखणं उठलं तर त्याच मिनिटाला आत कुठे नेणार? उसाच्या ट्रॅक्टरमागे अडकून बसणार? मी मनाशी ठरवलं, वेळ आली तर गाडीपुढे आडवी होईन.

संध्याकाळी भेटायची वेळ झाली. आत दोघांनाच सोडत होते. जेठ गेले आणि मी गेले, पदर घेऊन, बिछान्याच्या पायथ्याशी. मधे बोलायला कुणी नव्हतं, म्हणून मी गप्प.

मला वाटलं होतं की हे स्वतःच भावाला त्यांचं ते तापमानाचं पुराण ऐकवतील आणि मुंबईचा विषय मिटेल. जेठ बाजूच्या स्टुलावर बसले. ह्यांच्या कपाळावर हात ठेवला. मुंबईला नेण्याबद्दल बोलले. ह्यांनी सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाले, "तुम्ही सांगशात तसं, भाऊ."

मी दचकले. सकाळी हाच माणूस मला थांबण्याचे फायदे शिकवत होता. भावाचा मान ठेवतायत म्हणावं, तर मान ठेवूनही वाद घालण्याची ह्यांची एक खास पद्धत होती. "तसं नही भाऊ" ने सुरुवात करायची आणि हवं ते करून घ्यायचं. ते "तसं नही" आज आलं नव्हतं.

मी खडा टाकून बघितला. पदराआडून, हवेत बोलल्यासारखं म्हटलं, "इथला चहा तसा काही वाईट नव्हता."

हे हळूच म्हणाले, "हो. चांगला होता."

आजवर ह्या माणसाने माझं एकही मत पहिल्या फटक्यात मान्य केलेलं नव्हतं. मी पायथ्याकडून पुढे झाले. एसी चालू असताना त्यांच्या वरच्या ओठावर घाम होता. चादरीवर हाताचा पंजा असा दाबून धरलेला की बोटांची टोकं पांढरी पडली होती. मी विचारलं, "दुखतंय का?"

त्यांनी आधी भावाकडे बघितलं. मग म्हणाले, "काही नाही. बरं आहे."

आणि मला सगळं कळलं. लहानपणी पडलं, झडलं तरी मोठ्या भावासमोर कण्हायचं नाही, ही ह्यांची सवय. भाऊ आधीच सगळ्यांचा भार वाहतोय, त्यात आपली भर नको. आज तर तो भाऊ एवढ्या लांबून, डोळे सुजवून आला होता. त्याच्या हाताखाली झोपून हे छातीतली कळ गिळत होते.

मी पदर मागे टाकला आणि जेठांकडे सरळ बघून बोलले. "भाऊ, तुम्ही बाहेर जा. तुमच्यासमोर ते दुखतंय म्हणून सांगणार नाहीत."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. बहुधा पहिल्यांदाच. माझा आवाज काही मोठा नव्हता. वर्गात सर्वांत दंगेखोर पोराला उठवताना असतो तेवढाच होता. ते उठले आणि बाहेर गेले. मी सिस्टरला हाक मारली, ह्यांच्याजवळ वाकले आणि म्हटलं, "आता सांगा."

"दुखतंय," ते म्हणाले. "मघापासून."

पुढचं सगळं इतक्या झपाट्याने झालं की सकाळपासून शांत वाटणारे ते लोक हेच का, असं मला वाटलं. कार्डिओग्राम पुन्हा काढला, तो बदललेला होता. ड्युटीवरच्या डॉक्टरने फोन लावला, सकाळचे डॉक्टर हातातलं काम टाकून आले, कागदाच्या पट्टीकडे एक नजर टाकली आणि म्हणाले, "चलो, अभी." मी सही केली. ट्रॉली दाराबाहेर पडली तेव्हा जेठ भिंतीला टेकून उभे होते.

"आते थांबानं नही का?" त्यांनी विचारलं. जाऊबाई शेजारीच होत्या, पण विचारलं त्यांनी मला.

"नाही भाऊ. आता थांबायचं नाही."

"पन सकाय तं व्हयनी नही."

"दुखणं उठलं की सकाळची वाट बघायची नाही, असंच ठरलं होतं. दुपारी मी हेच सांगत होते."

त्यांनी मान हलवली. मग बाकड्यावर सरकून मला जागा करून दिली. जेठांच्या शेजारी मी बसले आहे हे बघून भावकीतल्या बायका रडायच्या थांबल्या. त्यांना बघायला दुसरं काहीतरी मिळालं. आम्ही दोघं त्या बंद दाराकडे बघत होतो. मी घाबरले होते का? हो, घाबरले होते. पण मला एक गोष्ट पक्की माहीत होती, की दार ह्याच हॉस्पिटलात आहे, जिन्याच्या शेजारी आहे, आणि हे त्याच्या आत आहेत. ह्यापेक्षा चांगल्या जागी ते त्या घडीला असूच शकत नव्हते.

डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांच्या डोक्यावर हिरवी टोपी तशीच होती. नळी बंद व्हायच्या बेतात होती, आत गुठळी धरत होती. ती उघडली, स्टेंट बसवला, रक्त नीट वाहतंय. जेठांनी त्यांना वाकून नमस्कार केला. डॉक्टर लाजले आणि माझ्याकडे बोट दाखवत म्हणाले, "इन्होंने टाइम पर बताया."

दुसऱ्या दिवशी ह्यांना मोकळं वाटत होतं. अंग पुसायला मला एखादं मऊ कापड हवं होतं. घरून आणलेला पंचाबिंचा काही सापडेना. जेठांच्या स्टुलाखाली कालची ती पिशवी दिसली. मी जाऊबाईंना म्हटलं, "ताई, त्यात काही आहे का?" जाऊबाई एकदम गोऱ्यामोऱ्या झाल्या. "त्यात काही नाही," म्हणाल्या, आणि पिशवी पायाने मागे सरकवली. पिशवी कलंडली. कोऱ्या, पांढऱ्या कापडाची घडी बाहेर आली.

आमच्याकडे मयताला जवळचा माणूस रिकाम्या हाताने येत नाही. अंगावर घालायला कापड आणतो. जेठ माझा फोन झाल्यावर बाजारात गेले होते, स्वतःच्या हाताने वाढवलेल्या भावासाठी कापड फाडून घेतलं होतं आणि नंदुरबारपासून सुरतपर्यंत ते मांडीवर धरून आले होते. जेठांनी खाली बघितलं. मला त्या क्षणी त्यांची इतकी माया आली की कालचा सगळा राग पाणी झाला.

ह्यांनी हात पुढे केला. कुणी अडवायच्या आत त्यांनी कापडाचं टोक उचललं आणि सवयीने दोन बोटांमध्ये चोळलं. उजेडाकडे धरून बघितलं. नाक मुरडलं.

"भाऊ," ते म्हणाले, "सुरतले उनात आनि कापड गावथीन लई उनात? आनि ते बी असं हलकं?"

कापडाच्या सुरतेत येताना कापड गावाहून आणलं, ही तक्रार! आधी जाऊबाई हसल्या. मग मी. जेठ हसता हसता कधी रडायला लागले ते कळलंच नाही, आणि या वेळी त्यांनी तोंड फिरवलं नाही. डोळे पुसून ते माझ्याकडे वळले. "मी तुनावर इसवास ठेवा नही, माय. तू खरं सांगी ऱ्हायनी व्हती."

"तुम्ही तरी काय करणार, भाऊ," मी म्हटलं. "मी रडलेच नाही ना."

ते कापड जाऊबाई परत न्यायला निघाल्या होत्या, कुठल्या तरी देवळात देऊन टाकू म्हणत होत्या. मी नेऊ दिलं नाही. घरी आल्यावर त्याच्या उशीच्या खोळी शिवल्या. हे त्यावर डोकं ठेवून झोपतात. खोळ बदलली की दर वेळी, न चुकता, कापड टोचतं, वीण विरळ आहे, धुतल्यावर आटलं, असलं कापड मी फुकटही घेतलं नसतं, असं बडबडतात. मी त्यांना मनसोक्त बोलू देते. ज्या दिवशी ते म्हणतील की कापड चांगलं आहे, त्या दिवशी मी पुढचं काही विचारत बसणार नाही, सरळ गाडी बोलावणार आहे.